बंकरातलं तिकीट बंद

बाडमेर, ४ जानेवारी २००२

ती. मायला भुजंगचा इथूनच, वाटूरकडं तोंड करून नमस्कार.

मी मजेत आहे. बाबाचा खोकला थांबला का?

मी ज्या जुन्या बंकरात नोकरीला आहे, तिथं मागच्या लढाईत विमानं आली की सगळी गल्ली लपायची. आता लोक तिकीट काढून तो बघायला येतात. या हप्त्यात साहेबानं आतली काचेची कपाटं बाहेर काढायला लावली. आम्ही तिथं पाण्याचे पिंप आन स्ट्रेचर ठेवून राह्यलोत.

मी विचारलं, "साहेब, तिकिटाचं काय?"

ते म्हणले, "आता तिकीट न्हाई. भोंगा वाजला की येईल त्याला आत घ्यायचं."

ही नुसती तालीम आहे, तू बिलकुल घोर करू नको.

तुझ्या सुनेला सांग, संक्रांतीला लेकराला घेऊन इकडं येऊ नको. इथं थंडी लई आहे.

तुझा,
भुजंग