झाकणाच्या आतली खूण

ती. दादांस,

तुमच्या मेहुण्याचा साष्टांग नमस्कार. (गेल्या महिन्यात कंबर धरली होती, तेव्हा तो फार तर षडंग झाला असता. आता आठही अंगं कामावर रुजू आहेत.) तुमचा गुडघा जिना चढू देतो का? वहिनींचा खोकला गेला असेल, आणि गेला नसेल तर त्यांनी काढा घ्यायचं टाळलं असेल, हे मी इथे बसून सांगतो. इकडे सर्व क्षेम आहे. हे वाक्य लोक सवयीने लिहितात. मी मात्र आज ते अगदी मनापासून लिहितो आहे, कारण मधले बारा दिवस इकडे काहीही क्षेम नव्हतं.

एवढं मोठं पत्र कशाला, फोन का नाही केला, असं तुम्ही म्हणाल. पण घरात फोन एकच, आणि तो तुमच्या बहिणीचा. (माझा मी घेतलाच नाही. दिवसभर दुकानात चाळीस घड्याळं कानाशी बोलत असतात, तेवढं पुरतं.) शिवाय जे सांगायचं आहे ते त्याच फोनबद्दल आहे आणि तिच्या देखत सांगण्यासारखं नाही.

तुम्ही तिच्या वाढदिवसाला तो फोन पाठवलात, आणि वर त्याचा विमाही उतरवलात. त्या वेळी मी जे बोललो होतो ते कृपया विसरा. वस्तूचा विमा काढणं म्हणजे ती बिघडायची वाट पाहणं, असं काहीसं मी म्हणालो होतो. मिक्सर, इस्त्री आणि भिंतीवरचा पंखा यांच्यानंतर, तुमच्यासमोर, मी जी शपथ घेतली होती ती मात्र तुम्ही विसरला नसाल. घरातल्या वस्तूला पुन्हा स्क्रू-ड्रायव्हर लावला, तर खिडकीखालचं माझं टेबल तुमच्या बहिणीला कापड कापायला द्यायचं, असं ठरलं होतं आणि तुम्ही त्याला जामीन राहिला होतात. दादा, ते नुसतं टेबल नाही. साठीनंतर घड्याळजीला हातांच्या आधी उजेड सोडून जातो. सबंध घरात केसाएवढी स्प्रिंग दिसेल असा उजेड त्या एकाच खिडकीत पडतो. ते टेबल गेलं तर घरी आणलेलं काम संपलं, आणि घरी काम नसलं की मी किती चिडका होतो हे तुमच्या बहिणीला विचारा.

तर झालं असं, की तिला फोनवर पलीकडचा आवाज बारीक येऊ लागला. (तुमचाच आवाज. मला वाटलं तुम्हीच खंगलात.) आता आवाज येण्याच्या जाळीत कचरा अडकला असणार हे शेंबडं पोरही सांगेल. दोन मिनिटांचं काम. दुपारी ती शेजारी गेली होती. मी केस वाळवायच्या यंत्राने फोनची पाठ जरा शेकली, पातळ पात्याने झाकण उचललं, ब्रशने जाळी साफ केली. इथे थांबलो असतो तर आज हे पत्र नसतं. पण एकेचाळीस वर्षं हात एकाच वळणाने चालले आहेत. साफ केलं की तेलाचा थेंब, आणि थेंब दिला की खूण. मी शांतपणे फोनच्या पोटात घड्याळाचं तेल सोडलं. मग, आमच्या धंद्यात दुरुस्त केलेल्या प्रत्येक घड्याळाच्या झाकणाला आतून करतात तशी, झाकणाच्या आत सुईने माझी खूण कोरली. एक त्रिकोण, त्यात टिंब, खाली त्या दिवसाची तारीख. मग झाकण दाबलं. काचेतून तडा गेल्याचा आवाज आला, पडदा पांढराफटक झाला आणि माझाही चेहरा.

खूण कोरली हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नव्हतं. डोळ्यांची पापणी किती वेळा मिटली हे कोणाच्या लक्षात असतं? तुमच्या बहिणीला मी सांगितलं, की फोन पायरीवर पडला. तिने कितव्या पायरीवर, एवढंच विचारलं. मी तिसऱ्या म्हणालो. मग विम्याचा फॉर्म आणून तिने तो स्वतःच भरला. मी मुद्दाम खोलीबाहेर गेलो. खोटं एकदा बोलता येतं, पण ते अक्षरात उतरताना बघवत नाही.

सर्व्हिस सेंटरने फोन ठेवून घेतला आणि दुरुस्ती होईपर्यंत वापरायला एक तात्पुरता फोन दिला. दिला तसा परत करीन, म्हणून सही घेतली. दादा, तो फोन म्हणजे माझी सत्त्वपरीक्षा होती. त्याचं झाकण एका कोपऱ्यात सैल होतं आणि हलवला की आत काहीतरी खुळखुळायचं. तुमची बहीण रोज संध्याकाळी तो नेमका माझ्या टेबलावर, भिंगाच्या शेजारी ठेवायची आणि स्वयंपाकघरात जायची. मी अकरा संध्याकाळी हातांवर बसून काढल्या. त्यातच त्या फोनमध्ये आधीच्या कोणाचा तरी गजर राहून गेला होता. रोज चार वाजता तो ठणाणा करायचा आणि पडद्यावर 'निळी गोळी' अशी अक्षरं यायची. आपण तो बंद करावा, तर तुमची बहीण म्हणते, अहो, कोणाची तरी गोळी चुकते आहे, बंद काय करता! चार वाजले की घरात सुतक आल्यासारखं व्हायचं. तिला त्या अनोळखी माणसाची काळजी, मला माझ्या टेबलाची.

अकराव्या दिवशी सेंटरमधून निरोप आला, की फोनमध्ये एक वेगळीच गोष्ट आढळली आहे, दोघांनी उद्या येऊन जा. आणि त्या क्षणी मला खूण आठवली. बाहेरच्या माणसाने उघडलेल्या वस्तूला विमा मिळत नाही एवढं मला ऐकून माहीत होतं. म्हणजे तुम्ही दिलेला फोन जाणार, विमा जाणार, टेबल जाणार, आणि तुमच्या बहिणीपुढे मी खोटारडा ठरणार. खरं सांगतो, चौथ्या गोष्टीची लाज पहिल्या तिन्हींपेक्षा जास्त होती.

दुसऱ्या दिवशी काउंटरवरच्या बाईंनी आपला पडदा आमच्याकडे वळवला. त्यावर झाकणाचा मोठा करून काढलेला फोटो. त्रिकोण, टिंब, तारीख. एकेचाळीस वर्षांत माझी खूण एवढी मोठी मी कधी पाहिली नव्हती. (कोरीव काम सुबक आहे, हे त्याही अवस्थेत मनात आलं.) बाई तोंड उघडायच्या आत मी सगळं ओकून टाकलं. शेजारणीकडे जाणं, केसांचं यंत्र, तेलाचा थेंब, तिसरी पायरी, सगळं. रांगेतली माणसं ऐकत होती. बाई गोंधळून म्हणाल्या, "काका, पण हे सगळं फॉर्मात लिहिलंय की!"

त्यांनी फॉर्म पुढे सरकवला. नुकसान कसे झाले, याच्यापुढे तुमच्या बहिणीच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'नवऱ्याने उघडला. पडला असं सांगतात, पण पडलेल्या फोनला घड्याळाच्या तेलाचा वास येत नाही.' घरच्या माणसाच्या हातून अनवधानाने झालेलं नुकसान तुम्ही घेतलेल्या विम्यात बसतं म्हणे. (तुम्ही तिला लहानपणापासून ओळखता आणि मलाही. विमा निवडताना हे कलम तुम्ही बघून घेतलं होतं का, हे एकदा खरं सांगा.) मंजुरी तर चौथ्याच दिवशी आली होती. बोलावलं होतं ते एवढंच विचारायला, की नवं झाकण बसवायचं आहे, पण जुन्यावर ही खूण आहे, ती तुम्हाला हवी असेल तर जुनंच ठेवू. मी नवंच म्हणणार होतो. तुमची बहीण म्हणाली, "जुनंच राहू द्या."

एवढ्यात तिच्या पिशवीतला तात्पुरता फोन ठणाणा करू लागला. चार वाजले होते. काउंटरवरच्या बाई खुर्चीतून ताडकन उठल्या. "अगं बाई, माझी गोळी!" त्यांचा स्वतःचा फोन दुरुस्तीला होता तेव्हा हाच त्यांनी वापरला होता. मग तुमच्या बहिणीने त्यांना पाणी आणायला लावलं, गोळी समोर घ्यायला लावली, आणि अकरा दिवस गोळी चुकवल्याबद्दल असं काही झापलं, की मला वाटलं, माझ्या वाटणीचं सगळं त्याच घेऊन गेल्या.

येताना मला तरंगल्यासारखं वाटत होतं. टेबलाचं काय, म्हणून मीच विषय काढला. ती म्हणाली, अर्धं द्या, पुरे. आता उजवीकडे तिची कापडं, डावीकडे माझी घड्याळं. कधीकधी माझा चिमटा तिच्या कापडात सापडतो. उजेड दोघांनाही पुरतो, हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं.

वहिनींना नमस्कार. काढा घ्यायला लावा.

तुमचा
(यापुढे शब्दाला जागणारा) मेहुणा

ता. क. वहिनींकडे तुमच्या बहिणीसारखंच शिवणाचं मशीन आहे ना? त्याच्या बॉबिनच्या डबीला एक बारीक स्क्रू असतो. तेवढा काढून उलट टपाली पाठवा. फोनच्या प्रकरणात ती इतकी चांगली वागली, म्हणून कृतज्ञतेपोटी मी तिचं मशीन तेलपाणी करून ठेवायला गेलो. (मशीनला तेल लागतंच, इथे माझी चूक नाही.) स्क्रू उडाला तो उडालाच. सुदैवाने गेले तीन दिवस ती नुसती कापडं कापते आहे, शिवायला बसलेली नाही.

ता. क. २. खूण केलेली नाही. (केली आहे. पण खालच्या बाजूला.)

ता. क. ३. पत्र टाकायला तिच्याकडेच देतो आहे, डिंकही तिच्याकडेच असतो. काळजी नको. दुसऱ्यांची पत्रं ती कधी वाचत नाही.

*(याखाली वेगळ्या, वळणदार अक्षरात)*

दादा, दुसऱ्यांची पत्रं मी वाचत नाही हे खरं आहे. पण नवरा आणि भाऊ दुसरे कधीपासून झाले? वहिनीच्या मशीनला हात लावू नकोस. स्क्रू त्याच दिवशी केर काढताना सापडला, माझ्या टाचण्यांच्या डबीत आहे. ह्यांनी विचारलं की लगेच देईन. आज चौथा दिवस.