नऊ नंबरचा पाहुणा

लाखांदूर,
धानकापणी उरकल्यानंतरचा रविवार

चिरंजीव भुपेंद्र यास ताईचा आशीर्वाद. (आशीर्वादाला पासवर्ड लागत नाही, म्हणून तो सगळ्यात आधी.) तुझी पाठ आता कशी आहे? तृप्तीला नवीन ऑफिस जवळ पडतं का? इथे आईचे गुडघे आणि मी, जेमतेम बरे आहोत. फोन सोडून पत्र काहून, असं तू विचारशील. तर आपल्या घरात बोललेलं आता कुठे कुठे ऐकू जातं, याचा मला अंदाज राहिलेला नाही. पाकिटाला डिंक लावला की मध्ये फक्त पोस्टमन उरतो, आणि तो ओळखीचा आहे.

मे महिन्यात तू आलास, पुढच्या दाराला आकडे दाबून उघडायचं कुलूप बसवलंस, स्वयंपाकघरात कॅमेरा लावलास आणि आईला म्हणालास, "रोज पाच वाजता चहाच्या सुटीत पाहत जाईन तुले." तुझा हेतू चांगला होता, हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढे ते लिहायला जागा मिळणार नाही. कुलपाचं ऐक. धानाच्या रोवणीच्या दिवसांत एकदा मी शाळेतून आले, तर आई पावसात पायरीवर बसलेली. कुलूप म्हणे स्वतःला सुधारून घेत होतं, म्हणून कोणालाच आत घेत नव्हतं. (माणसं सुधारायला निघाली की असंच करतात, पण त्यांना निदान टाळता येतं.) शेजारचा तुलाराम लोखंडी सब्बल घेऊन आला. दार तोडायचं की चौकट, यावर चार लोकांचं बोलणं सुरू झालं. दीड तास झाल्यावर आई उठली, घराला वळसा घालून परसात गेली, मागच्या दाराची सुतळी सोडली आणि आतून सगळ्यांसाठी चहा आणला. त्या दाराला अकरा वर्षांपासून सुतळीच आहे, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. पण पुढचं कुलूप इतकं महत्त्वाचं दिसत होतं, की मागे घर आहे हेच कोणाला आठवलं नाही.

कॅमेऱ्याची गोष्ट मात्र विरजणापासून सुरू झाली. रुखमाकाकू वाटी घेऊन विरजण मागायला आल्या. जाता जाता त्यांनी कॅमेऱ्याकडे बोट दाखवून विचारलं, हे आपल्याही फोनमध्ये दिसते का. आता दारात आलेल्या शेजारणीला विरजण नाही म्हणायचं नसतं, हा आपल्या आईचा नेम तुला ठाऊक आहे. तिने विरजणासोबत पासवर्डही दिला. (तू तो गुप्त ठेवायला सांगितला होतास, म्हणून तिने हळू आवाजात सांगितला.) आणि विरजणाचं कसं असतं, एका घरचं दही दुसऱ्या दिवशी तिसऱ्या घरी लागतं. महिनाभरात अख्ख्या आळीत आपला कॅमेरा लागला. आई भाजीत दुसऱ्यांदा मीठ घालायला गेली की भिंतीतून रुखमाकाकूंचा आवाज येतो, "बाप्पा, टाकलं ना मघाशी!" कवडूमामा चिखल्याच्या खाणीत नोकरीला, इथून किती दूर, पण ड्युटी सुटली की तेही डोकावतात. परवा तुलारामची बकरी आत शिरून तांदळाच्या सुपाला लागली, तर मामांनी चिखल्याहून "हट, हट" केलं आणि बकरी गेली. तुझ्या यंत्राचा एवढा एक उपयोग मी प्रामाणिकपणे नोंदवते. त्या वेळी आई घरातच होती, हेही नोंदवते.

मग रुखमाकाकूंच्या रीनाने मला फोनमधली एक यादी दाखवली. कोणत्या फोनवरून कॅमेरा कधी पाहिला, ते त्यात येतं. अकरा फोन निघाले. दहा ओळखीचे. नवव्या नंबरचा कोणाचा, ते कोणालाच माहीत नाही. रीना म्हणते, पासवर्ड फुटला की जगातलं कोणीही पाहू शकतं, आणि असे कॅमेरे कधी कधी न फुटताही दिसतात. हा नऊ नंबर रोज न चुकता पाच वाजता येतो. मी साडेपाचच्या एसटीने येते, म्हणजे पाच वाजता आई घरात एकटी असते. ती पावणेपाचला तोंड धुते, ठेवणीतलं निळं लुगडं नेसते आणि कॅमेऱ्यासमोर खुर्ची टाकून बसते. कधी तांदूळ निवडते, कधी नुसती बसते. तुला दिसावी म्हणून.

तुझ्या फोनची शेवटची तारीख पोळ्याची आहे, भुपेंद्र.

हे मी आईला सांगितलेलं नाही. तुला रागावण्यासाठीही लिहीत नाही. मी याच घरात राहते आणि तरी कितीदा तिच्याकडे न बघताच वह्या तपासत बसते, हे मलाच माहीत. कामं असतात, चहाच्या सुट्या हुकतात. बाकी सगळं ठीक आहे. प्रकृतीला जप, पाठीला शेक घे.

तुझी,
(आळीच्या साक्षीने)
हर्षाताई

ता. क. कॅमेऱ्यासोबतचं पुस्तक मी पूर्ण वाचलं. यादीतून कोणाला काढायचं असेल तर मालकाचा फोन घरात असावा लागतो, असं त्यात आहे. मालकाचा फोन म्हणजे तुझा. अख्ख्या पुस्तकात शहाणपणाचं वाक्य तेवढं एकच. पुढच्या शुक्रवारी आपल्या गावच्या मंडईची जत्रा आहे. मागच्या दाराने ये, पुढचं कुलूप सध्या पुन्हा सुधारतं आहे.

ता. क. दुसरा. नऊ नंबरला काढायला तुला बोलावते आहे, आणि तोवर कॅमेऱ्यावर दुपट्टा टाकते, असं आत्ता आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "कायले टाकतेस? भुपेंद्र येईपर्यंत राहू दे त्याले. पाच वाजता कोणी तं पायजे."