चुकेपर्यंत

बाबा,

काल मी शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये एका माणसाच्या कानाखाली वाजवली. माझ्या वर्गातल्या एका मुलीचा बाप. हात उचलताना विचार केला नव्हता आणि मारल्यावर पस्तावाही झाला नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण तुम्हाला चार ओळी लिहाव्यात असं कधी वाटलं नव्हतं. काल घरी आले, चहा टाकला, तो उतू गेला आणि शेगडी पुसता पुसता वाटलं, हे सांगायचं तर तुम्हालाच. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर मला सुट्टी घे म्हणतील.

कन्हानचं आपलं स्वयंपाकघर. आई स्टोव्हपाशी, कोपऱ्यात भिवापूरच्या मिरच्या देठं खुडून पसरलेल्या, त्यांचा ठसका सगळ्या घराला लागलेला. तुम्ही शाळेतून आलात, पाय धुतलेत, पाटावर बसलात. मी समोर उभी. तुमच्या मांडीशी बेशरमाच्या झुडपाचा फोक आहे. नाल्याकाठून तो मीच तोडून आणायचा आणि बारीक आणला तर पुन्हा जायचं. सतराचा पाढा विचारता. येतो. मग सतरा गुणिले तेवीस, तोंडी. तेही येतं. मग अपूर्णांक, मग व्याज, मग ती टाकी आणि तिचे दोन नळ. बरोबर उत्तराला तुमच्याकडे द्यायला काही नसायचं. शाब्बास जाऊ द्या, मानसुद्धा हलायची नाही. पुढचा प्रश्न, आधीच्यापेक्षा अवघड. चुकेपर्यंत विचारायचं, ही तुमची रीत. आणि चुकलं की फोक. आधी तळहातावर, मूठ मिटली तर बोटांच्या हाडांवर, पळाले तर पोटऱ्यांवर, पाठीवर, लागेल तिथे. आई म्हणायची, "पुरे करा ना जी, लहान हाय थे." तुम्ही तिच्याकडे न बघता म्हणायचात, "तुले काय समजते वं यातलं? पोळ्या लाट."

एकदा माझी करंगळी मोडली. तुम्ही मला सायकलवर बसवून डॉक्टरकडे नेलंत आणि पायरीवरून पडली म्हणून सांगितलंत. येताना दुकानातून कंपासपेटी घेतलीत, पितळी कर्कटकाची, वर्गात तशी कुणाकडेच नव्हती. मी ती छातीशी धरून सायकलवर बसले होते आणि खूश होते. याचा मला आज सगळ्यात जास्त राग येतो. हात सुजून टम्म झालेला आणि मी खूश.

पुढे मी शहाणी झाले. प्रश्न चुकेपर्यंत थांबणार नाहीत आणि मार काही टळणार नाही, तर टाकीच्या नळापर्यंत जायचंच कशाला? मी सहाच्या पाढ्यातच चुकायला लागले. मार तेवढाच, पण लवकर संपायचा, आणि आई गरम पोळी वाढायची. तुम्हाला वाटलं पोरीचं डोकं मंद होतंय. तुम्ही आणखी जाड फोक मागवलात.

आता शाळेत एक नवी परीक्षा आली आहे, तिच्याबद्दल सांगते. गणिताचे मास्तर होता, तुम्हाला ती आवडली असती. मुलं तिला पायऱ्यांचा पेपर म्हणतात. प्रत्येक मूल कॉम्प्युटरपुढे बसतं आणि प्रत्येकाला वेगळा पेपर येतो, कारण पेपर आधी छापलेलाच नसतो. पहिला प्रश्न मध्यम. बरोबर आला की मशीन त्याहून अवघड प्रश्न देतं, चुकला की सोपा. पुन्हा बरोबर, पुन्हा वर. असं वरखाली करत ते त्या मुलाला अशा पायरीवर गाठतं, जिथे त्याचे साधारण अर्धे बरोबर येतात आणि अर्धे चुकतात. तीच त्याची पातळी. किती बरोबर आले याला काही अर्थ नाही, कुठल्या पायरीवरचे आले याला अर्थ आहे. त्यामुळे आठवीतल्या हुशार मुलीला दहावीचे प्रश्न येतात आणि तिचेही अर्धे चुकतात. सगळ्यात हुशार पोरं रडवेली होऊन बाहेर येतात. मी वर्गात घसा फोडून सांगते, अवघड येतंय म्हणजे तुम्ही चांगलं करताय. पोरांना पटतं. घरी पटत नाही. आमच्याकडची बरीचशी घरं बुटीबोरीच्या कारखान्यांवर चालतात, शिफ्टवरून आलेला बाप चप्पल काढता काढता एकच विचारतो, "किती चुकले?"

तर ही मुलगी. आठवीत आहे, बारीक, केस घट्ट दोन वेण्यांत. जुलैच्या परीक्षेत ती माझ्या वर्गात सगळ्यात वर होती, दहावीच्या मुलांच्या तोडीची. स्कॉलरशिपच्या तुकडीत तिला घ्यायचं मी त्याच दिवशी ठरवलं. घरी बापाने विचारलं, किती चुकले. पोरगी खरं बोलली, अर्धे तरी चुकले असतील म्हणाली. त्याने पट्टा काढला. चार दिवसांनी फळ्यावर गणित सोडवायला तिने हात वर केला तेव्हा बाही सरकली आणि दंडावर बकलाचा ठसा दिसला, चौकोनी, मधोमध फुटलेला. मी विचारलं तर म्हणाली, "पडली मॅडम." पडली! मला हे वाक्य किती पाठ आहे, हे तिला काय माहीत.

दिवाळीनंतरच्या परीक्षेत ती धडाधड चुकत खाली गेली. तिसरी-चौथीच्या प्रश्नांपर्यंत उतरली आणि तिथेच लोळत राहिली. वर जायला लागली की मुद्दाम चुकायची. मी शेजारी बसवून विचारलं, काहून केलंस असं? तिने बाही खाली ओढून घेतली. मग म्हणाली, "मॅडम, चुकायचंच हाय तर सोप्यात चुकून घ्यावं. मार तेवढाच बसते." मी तुमचा तिथे बसून मनापासून द्वेष केला, आणि त्या माणसाचाही. निकालावरून तिचं नाव स्कॉलरशिपच्या तुकडीतून निघणार होतं. तिसरी परीक्षा पुढच्या आठवड्यात आहे, तिच्यावर सगळं ठरणार. पण ती वर चढणार कशी? वर पट्टा होता.

म्हणून काल बापाला बोलावलं. रात्रपाळी करून तसाच आला, कंपनीच्या निळ्या शर्टात, डोळे लाल. मी लॅबमध्ये पडद्यावर दोन्ही निकाल लावून त्याला सांगायला लागले. दुसऱ्या निकालाची घसरलेली रेघ दिसली मात्र, त्याने माझं ऐकणंच बंद केलं. "पयले अर्धे चुकोले, आता तं पार तळालेच गेली!" म्हणत त्याने तिची वेणी धरली आणि डोकं टेबलावर आपटलं. कीबोर्ड खाली पडला. तो दुसऱ्यांदा आपटणार तेवढ्यात मी त्याच्या कानाखाली ओढली. आवाज असा आला की बाहेरचा शिपाई धावत आला. त्या माणसाच्या हातातून वेणी सुटली. तो माझ्यावर हात उगारून उभा, मीही उभी. मला वाटलं, मार आता, मग बघ.

"बाई मानूस हाय म्हणून सोडून राहिलो," तो म्हणाला. "माही पोरगी हाय. तिचं वाईट करून राहिलो का मी? अर्धे चुकले म्हणजे अर्धीच अक्कल. दहावीत गणितात साऱ्या वर्गात पयला होतो मी, मले शिकवू नका."

"मग बसा," मी म्हटलं. "पोरीच्या खुर्चीत बसा. बघू या तुमचे किती चुकतात."

तो बसला, रागारागातच. मी सरावाची परीक्षा लावली. पोरगी भिंतीला टेकून उभी, कपाळावर टेंगूळ, शिपायाने दिलेला ओला रुमाल त्यावर धरलेला. पहिला प्रश्न त्याला आला. दुसरा आला, तिसराही. त्याने माझ्याकडे वळून पाहिलं, बघा म्हणून. खरंच चांगलं डोकं आहे त्या माणसाचं, बाबा. मशीन चढत गेलं. मग तो थांबायला लागला. तळहातावर बोटाने आकडे काढायला लागला. मानेवर घाम आला. एक चुकला आणि पडद्यावर लाल खूण उमटली. एवढ्या मोठ्या माणसाने, पट्टा चालवणाऱ्या माणसाने, ती लाल खूण दिसताच मान खांद्यांत ओढून घेतली. मागून आता काहीतरी बसणार, अशी. त्यालाही कुणीतरी कुठेतरी असंच शिकवलेलं होतं.

तो पडद्याकडे बघत नुसता बसून राहिला, माऊसवर हात ठेवून. तेव्हा पोरगी भिंतीपासून निघाली आणि त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. हळूच म्हणाली, "बाबा, भेवू नका. चुकलं की सोपा येते आता."

त्याने पुढचा सोडवला. मग आणखी एक. शेवटी मशीनने त्याची पातळी दाखवली, नववीची, पोरीच्या जुलैच्या पातळीच्या खाली. त्याने स्वतःच्या आणि पोरीच्या जुलैच्या रेघेवर बोट फिरवून पाहिलं, पुन्हा पुन्हा. "म्हणजे थे माह्या वरते होती?" मी म्हटलं, होती. तो तोंडावर हात ठेवून बसला. जाताना दाराशी थांबून पोरीला म्हणाला, "पुढच्या पेपराले जा वं वरते. मी नाही विचारत किती चुकले." विचारणार नाही की नाही, मला माहीत नाही. मोठ्या बाईंनी मला आज बोलावलं आहे, पालकावर हात उचलल्याबद्दल. मी उचलला, असंच सांगणार आहे.

हे तुम्हाला पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी पाठवलं नसतं. पण एक गोष्ट लिहून टाकते. तो माणूस चुकला आणि आक्रसला तेव्हा मला दया आली नाही. माझ्या डोळ्यांपुढे त्या खुर्चीत तुम्ही होता, आणि मला वाटत होतं, अजून एक चुकावा, अजून एक. धीर द्यायचं त्या पोरीला सुचलं. मला नाही सुचलं, बाबा. तुमच्या मागे मी उभी असते, तर मी गप्प राहिले असते.