दीर्घिकेचा दांडा

३ जून

ती. बाबांस, शि. सा. न. वि. वि.

सोबत आमच्या वेधशाळेच्या दुर्बिणीतून घेतलेल्या फोटोची निगेटिव्ह आहे. ही माझी दीर्घिका. आपल्यापासून सहा कोटी प्रकाशवर्षं दूर, लाखभर प्रकाशवर्षं रुंद, आणि सेकंदाला हजारेक किलोमीटर वेगाने आपल्यापासून पळते आहे. म्हणजे आपल्या घराण्याला चांगली ओळखते. फोटो मोठा करून, फ्रेम लावून थेट आमच्या दालनात पाठवा, तिथल्या भिंतीवर लावायचा आहे. सोळा तारखेला निवड समिती येते आहे. माझी नोकरी कायम व्हायची ती त्याच भिंतीसमोर. स्टुडिओत गिऱ्हाईक फिरकत नाही म्हणून आईवर डाफरू नका.

लोभ असावा, उपदेश नसला तरी चालेल.

आपली भिंगरी

९ जून

चि. भिंगरीस, अ. उ. आ.

फोटो रवाना केला. तुमच्या दुर्बिणीची काच कोणी पुसतं की नाही? मधोमध आडवा पांढरा पट्टा आला होता. ब्रश घेऊन बसलो, पट्टा साफ केला आणि तुझ्या दीर्घिकेचे ते दोन्ही वळणदार हात आणखी वळवून मधल्या गोळ्याला जोडून दिले. जन्मभर लोकांच्या गालांवरचे वण घालवले, आकाशाचं काय घेऊन बसलीस. आई म्हणत होती, आधी पोरीला विचारा. तुझ्या आईला फोटोतलं काय कळतं.

आभार मानू नकोस.

बाबा

१७ जून

बाबा, नमस्कार. रागात आहे, म्हणून मायना आखूड.

तो पट्टा म्हणजे ताऱ्यांचा दांडा. हात गोळ्यातून नाही, त्या दांड्याच्या टोकांतून फुटतात. चार वर्षं मी तोच मोजते आहे. तुमचा फोटो काल समिती दारात असताना पोचला आणि तसाच भिंतीवर चढला. समितीचे अध्यक्ष त्याच्यासमोर उभे राहिले आणि नसलेल्या दांड्याची तारीफ करू लागले, किती ठसठशीत, किती सरळ. मला हसू आवरेना. शेवटी सांगून टाकलं, की तो माझ्या बाबांनी पुसलाय. त्यांचं तोंड पाहण्यासारखं झालं. कायमची नोकरी दुसऱ्याला गेली. तिथे हसले खरी, पण खोलीवर येऊन खूप रडले.

राग ओसरला की लोभ वाढवेन.

भिंगरी

२४ जून

चि. भिंगरीस, अ. उ. आ.

चुकलो. आईने माझ्याशी बोलणं टाकलंय, ते वाजवीच. तू गप्प बसली असतीस तर नोकरी पदरात पडली असती. नाही बसलीस याचा मला अभिमान वाटतो, आणि वाईटही फार वाटतं. निगेटिव्हवरून नवी प्रत काढली, दांड्यासकट, आणि दुकानाच्या दर्शनी काचेत लावली.

काल महिन्याभरातलं पहिलं गिऱ्हाईक आलं. हाच फोटो हवा म्हणाले, फक्त मधली ती रेघ तेवढी पुसून द्या. त्यांना दुकानाबाहेर काढलं.

घरी ये.

बाबा