नातीच्या टॅबमधला माझा आवाज

१८ जून २०१७
थेरपीवाल्या दीदींनी नात अनुश्रीसाठी टॅब सुरू करून दिला. तिला ऑटिझम आहे. तोंडाने बोलत नाही, समजतं सगळं. चित्रावर बोट ठेवलं की टॅब बोलतो. पण हिंदीत. या घरात मराठीत विचारलं तर मुलगाही हिंदीत उत्तर देतो. निदान टॅब तरी वाचवू. सगळी वाक्यं माझ्या आवाजात, शुद्ध मराठीत. उद्या पहाटेपासून.

२० जून, दुपार
सुरुवात केली. काल घसा ठीक नव्हता. पहिलं वाक्य: मला तहान लागली आहे, कृपया पाणी द्यावे. स्वयंपाकघरातून मंदाकिनी म्हणाली, लग्नाले इतके वर्षं झाले, मले कधी कृपया म्हटलं तुमी? बायकोकडे दुर्लक्ष. आवाज चांगला आला आहे.

२१ जून
दीदी म्हणतात, अंकल, छोटे शब्द रखिए. पानी, घर, नहीं. बात बच्ची को करनी है. वय लहान आहे त्यांचं. सूनबाई सोनियाचंही तेच: बाबा, 'नको' तर पाहिजेच ना तिले. सांगितलं, नकार दुसऱ्या टप्प्यात. आधी शिष्टाचार.

२३ जून
शाळेत थोडा गोंधळ. अनुश्रीने बाथरूमचं चित्र दाबलं. टॅब म्हणाला, मला प्रसाधनगृहात जाण्याची अनुमती असावी. ती दाबत राहिली. मॅडमना वाटलं, श्लोक आहे. वर्गाला हात जोडायला लावले. फ्रॉक ओला करून पोरगी घरी आली. शाळेत मराठीची ही अवस्था.
सोनिया म्हणाली, बाबा, मलेच नाही समजलं, मॅडमले काय समजन?

२५ जून
अनुश्री टॅबला हात लावत नाही. समोर ठेवला की पालथा करते. पाणी हवं तर पुन्हा पूर्वीसारखं माठाला डोकं आपटते. आवाजाची पट्टी थोडी खाली घ्यावी काय?

२७ जून
मंदाकिनीने टॅब काढून घेतला. म्हणाली, तुमचं कीर्तन बंद. सोनियाने तिच्या आवाजात भरलं: पानी, सू, घर, नको. माझ्या फोटोखाली 'आबा'. पहिल्या टप्प्याचा पाया मीच घातला होता, हे कोणी बोललं नाही. संध्याकाळी अनुश्रीने स्वतः टॅब उघडला. पानी. सोनिया धावली.

२ जुलै, रविवार
आमच्या मराठी मंडळात माझं भाषण: तंत्रज्ञान आणि मातृभाषा. प्रात्यक्षिकासाठी अनुश्रीला शेजारी बसवलं. सोनिया नाही म्हणत होती. पंखे मोठे, माइक किरकिरत होता, अनुश्रीने कान झाकले. मी म्हटलं, होईल सवय. प्रस्तावना संपत आली तेव्हा तिने टॅब ओढला. माझा फोटो दाबला. मग आणखी दोन चित्रं.
आबा. नको. घर.
माइक जवळच होता. शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांना समजलं. लोक हसले. सोनिया रडत होती. म्हणाली, तीन शब्द तिनं स्वतःच जोडले बाबा, कोणी नाही शिकवलं.
भाषण आवरतं घेतलं. तसंही मुख्य मुद्दे आले होते.
परतताना ऑटोत अनुश्रीने दाबलं: आबा, पानी. ऑटो थांबवून बाटली आणली. उरलेलं भाषण खिशात होतं. वाटलं, तिला तरी वाचून दाखवावं. तिचं बोट टॅबवर 'नको'जवळच होतं.
राहू दिलं.