चिंगी शेतावर गेली नव्हती

दादा,

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही, ते विसरून नाही. गेल्या महिन्यात तुझं वर्षश्राद्ध झालं, तेव्हाही मी फोटोसमोर गप्पच होते. आज बोलणं भाग आहे. आज सकाळी बुवापाड्यातली आपली संगीता तिच्या कुत्र्यासाठी तुझं तेल मागायला रिकामी बाटली घेऊन आली.

"ताई, दादांचं ते काळं तेल उरलंय का हो? आमच्या पिंट्याला लूत लागलीय. मानेवरचे केस पार गेले."

उरलंय ना! माळ्यावर कॅन भरून आहे. कंपनीतल्या मशीनचं जळकं ऑइल. फोरमन म्हणून तू अंबरनाथमध्ये मिरवलास ते मिरवलास, वर कुत्र्यांचा वैद्यही झालास. लोखंडाला जे गंजू देत नाही ते कातडी सडू देईल का, हे तुझं शास्त्र. अर्ध्या बुवापाड्याला तू ते फुकट वाटलंस.

आणि आपली चिंगी? कानांच्या कडा आणि कोपरं खाजवून रक्ताळली होती. मी म्हटलं, डॉक्टरकडे नेऊ. तू काय म्हणालास?

"कुत्र्याला कसला डॉक्टर? तुझं बीएस्सी ट्रंकेत ठेव, कुमुद. आणि तिला धर."

शेपटीच्या टोकापर्यंत चोपडलंस तिला. कुत्रं स्वतःचं अंग चाटतं, हे जन्मभर मशीनचा आवाज ऐकून बिघाड ओळखणाऱ्या माणसाला कळू नये? रात्रभर ती चाटत राहिली. दुसऱ्या दिवशी ओकली. चौथ्या दिवशी उठलीच नाही.

तुला मी माफ केलेलं नाही. पण लिहायला बसलेच आहे तर पुरतं लिहिते. तेल लावताना तिचं तोंड नाडीने बांधून कोणी धरलं होतं? मी! शिकलेली मी! तू ओरडलास आणि मी धरलं. तोंड बांधलेलं असतानाही ती माझ्याकडे बघून शेपूट हलवत होती.

त्यानंतर तू जे केलंस ते तेलाहून वाईट. मागच्या सीताफळाखाली तिला पुरलंस आणि सगळ्यांना सांगितलंस, "चिंगी ठणठणीत झाली. बदलापूर गावात मित्राच्या शेतावर दिली." लोकांनी वाहवा केली. मला विचारलं तेव्हा मीही मान हलवली. घरातल्या मोठ्या भावाला खोटं कसं पाडायचं? तू सुटलास, दादा. ते खोटं मात्र माझ्या दारात ठेवून गेलास.

मी संगीताला म्हटलं, "तेल मिळणार नाही."

तिचा चेहरा उतरला. मग फणकारली, "दादा असते तर एका शब्दावर दिलं असतं! तुम्हाला कुत्र्यांची मायाच नाही. तुमची चिंगी बरी झाली ना त्यानेच?"

"नाही. मेली. सीताफळाखाली आहे."

तिने बाटली खाली ठेवली आणि हळूच म्हणाली, "पण मी परवा थोडं लावलंय, ताई. शेजारणीकडचं."

बस्स! मी चप्पल घातली. रिक्षा करून पिंट्याला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी आधी सौम्य साबणाने ते तेल धुऊन काढलं. मग कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि मला बघायला लावलं. आठ पायांचे किडे, दादा, चालणारे! ही तुझी लूत. पिंट्याचं वजन करून गोळी दिली. त्याचं गोणपाट उकळत्या पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवायला सांगितलं. "तेल पोटात किती गेलंय ते दोन दिवसांत कळेल," म्हणाले. एवढंच करायचं होतं रे चिंगीसाठी! एक रिक्षा!

ते दोन दिवस नजर ठेवायला पिंट्याला मी आपल्याच ओट्यावर ठेवून घेतलंय. गळ्यात पुठ्ठ्याची कॉलर बांधलीय, अंग चाटू नये म्हणून. माझ्यावर भुंकतो. भुंकू दे.

उद्या मी संगीताबरोबर बुवापाड्यात जाणार आहे. तुझ्या तेलाची बाटली ज्या ज्या घरात असेल, त्या त्या घरातून ती परत आणीन. कोणी विचारलं तर चिंगी कुठे आहे ते सांगेन आणि तिचं तोंड कोणी धरलं होतं तेही. तुझं नाव खराब होईल, माझंही होईल. तुझी बाजू मांडणार नाही. माझीही नाही. हा माझा शब्द.

तुझी बहीण,
कुमुद