शेवंताची फायनल

शेवंताच्या बाबांना हौसाचा नमस्कार.

पोरीला शाळेतनं काढा आन् पाहुण्यांना दाखवा, असं तुमी फौजेतनं लिहिलं. तुमचं पत्र पोचलं. पर पाहुणे यायचे त्याच दिवशी इस्लामपुरात तिची सातवीची फायनल परीक्षा होती.

वरीसभर ती अभ्यासाला बसली की मी तिला पाण्याला धाडलं न्हाई. घागरी मीच आणल्या. सांजच्याला भाकरी थापताना मी म्हणायची, "आज काय शिकलीस, सांग." भूगोल मला काय कळतोय! पर मी विचारीत गेले, ती सांगत गेली. चुलीपुढच्या राखेत तिनं मला अक्षरंबी गिरवायला लावली. म्हणून तर हे लिहितेय.

त्या सकाळी मी मामंजींना म्हटलं, "पोरीला परीक्षेला नेते. पाहुण्यांना तुमी काय सांगायचं ते सांगा."

ते उठून गाडीला बैलं जुंपायला लागले.

"आवं, आन् पाहुणे?"

"बसतील ओट्यावर. पोरीला पेपराला उशीर झालेला चालंल व्हय?"

पाहुणे रागावून गेले, ते परत आले न्हाईत. शेवंता पास झाली. आता साताऱ्याला जाऊन मास्तरीण व्हायचं शिकणार म्हणतीय, आन् मामंजी गावभर सांगत फिरत्यात.

हे पत्र मी टपालात टाकणार न्हाई. लढाईवर तुमच्या जिवाला हा घोर कशाला? तुमचा शब्द मी मोडला, हे खरं हाय. रागवायचं तर घरी येऊन रागवा.

पर या.

तुमची वाट बघणारी,
हौसा